सोळा-पंचवीस-एक

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहिलं उकलून.
टोलेडोच्या उत्तरेला, जुन्या पोलिश वस्तीत,
कर थकलेलं, एकोणीसशे चोवीसचं.
कोर्टाच्या लिलावात मी हात वर केला तेव्हा
आणखी एकच हात वर होता
आणि तो मान खाजवायला उठलेला.

एकवीस हजार डॉलर.
चौदा वर्षं शाळेची बस चालवून साठलेले,
वरून क्रेडिट युनियनचं कर्ज.
मेहुणा लायल म्हणाला, "नळांचं मी बघतो, व्हर्लीन."
तळघरात उतरला, वर आला तो हसतच:
"बघायला नळच नाहीत."
तांबं कुणीतरी आधीच उपटून नेलेलं,
भिंतीत नुसत्या नळाएवढ्या लांब पोकळ्या.

वहीत दोन रकाने आखले होते मी.
डावीकडे खर्च, उजवीकडे विक्री.
चार महिने, रंग, नवा ओटा, आणि अंगणात पाटी.
रात्री व्हिडिओतला पांढऱ्याशुभ्र दातांचा पोरगा
सांगायचा, पहिल्या घराच्या प्रेमात पडू नका.
प्रेम कसलं, मला वास सोसवत नव्हता त्याचा:
मांजराचं मूत, कुजकी फळी,
आणि त्याखाली, कितीही घासलं तरी,
कुणीतरी वर्षानुवर्षं तळलेला कांदा.

न्हाणीघराचं प्लास्टर पाडलं
तर आतून खळकन सांडली दाढीची पाती.
शेकडो. गंजून एकमेकांना चिकटलेली.
लायल म्हणाला, जुन्या कपाटांना मागे फट असायची,
पातं बोथट झालं की आत ढकलायचं,
भिंत पोटात घ्यायची.
म्हणजे इथे कुणी एक जण रोज पहाटे
गाल फुगवून, हनुवटी वर करून
कामावर जायला तयार होत होता.
मी ती कॉफीच्या डब्यात भरली.
वहीत त्यांना रकाना नव्हता.

ऑक्टोबरात छताने आपलं खरं वय सांगितलं.
नऊ हजार.
डावा रकाना पानाबाहेर गेला.
दलाल बाई, मिस कोवाल्चिक, घरभर फिरल्या टाचा वाजवत,
म्हणाल्या, "विकलंस तर सुटशील. कमावणार नाहीस."
मग पाटीवरचं 'विकणे' खोडून
मी वर लिहिलं, 'भाड्याने देणे'.

शॅरोंडा आली. वृद्धाश्रमात रात्रपाळी,
दोन मुलं, एक कासव.
एक तारखेला मनी ऑर्डर, नऊशे पन्नास.
दोन दिवस मी ती वटवलीच नाही,
फ्रिजवर लावून ठेवली
पोराने काढलेल्या चित्रासारखी.
जानेवारीत रात्री दोनला फोन: फर्नेस बंद.
बाहेर उणे अठरा. गाउनवरच कोट चढवला.
भाडं म्हणजे झोपेत येणारा पैसा, म्हणायचा तो दातवाला.
कुणाची झोप, ते बोलला नव्हता.

मार्चमध्ये पैसे आले नाहीत.
पाच तारीख. सात. नऊ.
लायल म्हणाला, तीन दिवसांची नोटीस असते,
दारावर चिकटव, आणि तोंड फिरव.

बस आगारात लावून मी गेले.
पायऱ्या चढले, मीच ठोकलेल्या,
तिसरी अजून किंचित डावीकडे झुकते.
हात वर केला
आणि मी एकदम अकरा वर्षांची.
डेट्रॉइट. आईने टीव्हीचा आवाज बंद केलाय,
आम्ही तिघं सोफ्यामागे,
धाकट्याच्या तोंडावर माझा हात.
दार वाजल्याचा आवाज आतून वेगळा येतो.
बाहेर तो चार बोटांचा असतो.
आत अख्खं घर वाजतं.

मी अजून वाजवलंही नव्हतं,
आणि आतला टीव्ही गप्प झाला.

नोटीस कोटाच्या खिशात.
काखेत फर्नेसचा फिल्टर, सोळा-पंचवीस-एक,
दर तीन महिन्यांनी बदलायचा असतो तो.
"फिल्टर आणलाय," मी दाराला म्हणाले.
आत फक्त कासवाच्या टाकीचा पंप बुडबुडत होता.
माझा हप्ता पंधराला.
मी उभी राहिले.