चौथी प्रत

शालिमारच्या त्या दुकानात मी तिसऱ्यांदा गेले
तेव्हा बोरस्त्यांनी विचारलं, नातवाला हवंय का, परीक्षेला?
म्हटलं, मलाच.
एकतीस वर्षं जेलरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
आता पैसा म्हणजे काय ते वाचायचंय.

ते शिडीवर चढले
आणि एकाच जुन्या इंग्रजी ग्रंथाच्या चार प्रती
काउंटरवर ओळीनं मांडल्या,
बघायच्या कार्यक्रमात मुली बसवतात तशा.
मीही एकदा बसले होते, पाठ ताठ करून.

पहिली चकचकीत. वर सोन्याच्या नाण्यांचा ढीग,
आत कागद पापडासारखा.
कुणीतरी मूळ प्रत यंत्राखाली धरली असणार
आणि यंत्राला जुन्या वळणाचा एस कळला नसणार.
त्यानं सगळीकडे एफ लावला.
लोक धान्य विकायला जायचे,
‘सेल’चं ‘फेल’ होऊन वाटेतच पडायचे.
दोन पानं वाचली. सगळा देश आडवा.

दुसरी एकशे चाळीस रुपयांची.
‘संक्षिप्त’ हा शब्द इतका बारीक
की माझं जुनं भिंग काढावं लागलं.
तळटिपा नाहीत, धान्याच्या भावांचे तक्ते नाहीत.
‘कंटाळवाणं तेवढं काढलंय, ताई.’
कुणाला कंटाळवाणं?
पिंपळगावच्या लिलावात
रोज सकाळी तेच तर ओरडतात.

तिसरी अठराशेची, कापडी बांधणी, रेशमी फीत.
प्रस्तावनाच ऐंशी पानं,
पंगत बसायच्या आधी
जेवण कसं झालं ते सांगणारी.
फीत मात्र सुंदर होती. बोटाला गुंडाळून पाहिली.

चौथी मळकट निळी.
कुठल्याशा कॉलेजच्या ग्रंथालयातून बाद झालेली,
शिक्क्यावर शिक्का.
पण दोऱ्यानं शिवलेली. उघडी ठेवली की उघडीच राहते.
तळटिपा पानाखालीच, शेवटी सूची.
मी एक पान उजेडाकडे धरलं. हाताला सवय.
जलचिन्ह कुठलं असायला,
पण पाठीपोटाच्या ओळी
एकमेकींवर नेमक्या बसलेल्या.

आणि आतून एक पट्टी घरंगळली. शुद्धिपत्र.
पान चौऱ्याण्णव, ओळ अकरा:
‘वाढते’ छापलंय तिथे ‘घटते’ वाचा,
अशा अर्थाचं काहीतरी. खाली दिलगिरी.

आमच्याकडे दिलगिरी नव्हती.
चुकलेली नोट निघाली की तिचा चुरा,
तिच्या जागी दुसरी, नंबरात एक चांदणी घातलेली. संपलं.
एकदा माझ्या नजरेतून एक सुटली,
शाई जरा सरकलेली. घरी गेल्यावर आठवली.
महिनाभर झोप नाही.
शेजारच्या टेबलावरची वत्सला पगारे म्हणाली,
अगं, नोटेकडे कोण बघतंय?
सगळे आकडा बघतात.
ती कुठे फिरत असेल अजून, की फाटली असेल,
कुणाच्या औषधाला गेली असेल.
तिच्याबरोबर पट्टी देता आली नाही.

पान चौऱ्याण्णव काढलं.
कुणीतरी पेन्सिलीनं शब्द आधीच दुरुस्त केलेला,
आणि तरीही पट्टी जपून ठेवलेली.

मागे छापील किंमत बारा रुपये.
बोरस्ते म्हणाले, साडेतीनशे.
बाराचे साडेतीनशे कसे होतात
ते आत लिहिलं असेल ना?
‘असेल,’ ते म्हणाले, ‘मी कुठे वाचलंय.’

मी पाचशेची नोट दिली.
त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरली,
जरा तिरकी केली, पुन्हा धरली.
माझ्याकडे बघून ओशाळले.
मी काही बोलले नाही.
बरोबर धरली होती.