आधीची टिक

सातपूरच्या केंद्रात कांडेकर मॅडमनी
फॉर्म फिरवून माझ्याकडे सरकवला.
सहीच्या वर चौकट :
माझी माहिती इतरांना देण्यास हरकत नाही.
टिक आधीच छापलेली.
ही कोणी केली, मी विचारलं.
सगळ्यांचीच असते ताई, सही करा,
नाहीतर भत्ता अडकतो.

मग नवरा सोबत राहतो का.
नसेल तर कधीपासून.
मग आजार.
मागच्या खुर्चीवरचा पोरगा
मोबाइल बंद करून ऐकत होता.
मी ओठ न हलवता बोलल्यासारखं बोलले :
फिट. तीन वर्षांपूर्वी एकदाच,
भोगीच्या दिवशी, बाजरी निवडताना.
मॅडम टाइप करता करता मोठ्यानं म्हणाल्या,
फि…ट.
बाजरीला तिथं रकाना नव्हता.

दीड महिन्यानं अंबडहून फोन.
पॅकिंगला जागा होती म्हणे.
नाव विचारायच्या आधी माणूस म्हणाला,
तुम्हाला फिट येते ना?

माझ्या आईलासुद्धा ठाऊक नाही ते.
तिला मी म्हटलं होतं, पाय घसरला.

संध्याकाळी भद्रकालीत चहाची गाळणी घेतली,
पस्तीस रुपयांची.
दुकानदाराची बोटं कीबोर्डवर : मोबाइल नंबर?
नाही देणार.
बिल त्याशिवाय निघत नाही हो.
मी हलले नाही. मागे दोघं खोळंबले.
पोटात भीती होती, गाळणीसाठी एवढी!
शेवटी तो म्हणाला, बरं,
रिकामं सोडू?

रिकामं नको.
रिकाम्यात कोणीही काही भरतं.
नाही असं लिहा,
आणि स्क्रीन इकडे वळवा जरा.