नको म्हणायला लागणारा वेळ

पारिसाअण्णांनी मिरजेहून आणला तेव्हा
बेदाण्याच्या खोक्यात मावत होता.
काट्यावर ठेवला. पाच किलो आठशे,
खोक्याचं वजन वजा जाता.
काळा कुळकुळीत, भुवयांवर दोन पिवळे ठिपके,
झोपला तरी ते जागेच.
नाव आधीच ठरलेलं : ब्रुनो.
अण्णा म्हणाले, हाक मार की.

ब हा माझा जुना वैरी.
एसटीत बोरगावचं तिकीट मागायला नको
म्हणून पुढच्या गावाचं काढायचो
आणि उन्हातनं माघारी चालत यायचो.

मोबाईलवरचा ट्रेनर सांगायचा,
हुकूम एकदाच द्या. ठाम द्या.
दुसऱ्यांदा म्हणालात, की रॉटवायलर तुम्हाला मोजत नाही.
माझा एक हुकूम चार तुकड्यांत येतो.
ब… ब… ब-बस.
पिल्लू मान तिरकी करून बघायचं,
मी खिशातून काहीतरी काढतोय
आणि ते अस्तरात अडकलंय, असं.

माणसं माझा शब्द पुरा करून टाकतात,
जड पिशवी हातातनं घ्यावी तसा.
ह्याला शब्द ठाऊकच नव्हता,
म्हणून थांबला.

चौथ्या महिन्यात वीस किलो. आठव्यात अडतीस.
एकदा मांजरामागं सुटला,
पट्ट्याला लोंबकळत मी गंधकाच्या पोत्यांवर.
कोपराची साल अजून वेगळ्या रंगाची आहे.
मग ठरवलं : ओढलास की मी खांब.
ढिला सोडलास की पाऊल.
द्राक्षाची एक ओळ चालायला
पहिल्या दिवशी दीड तास गेला.
बेदाणा निवडणाऱ्या हौसाक्का हसून म्हणाल्या,
मुंगीबी पुढं गेली की रं.

तांबोळी डॉक्टरांनी इंजेक्शन देताना सांगितलं,
सगळं सोसेल हा, द्राक्ष आणि बेदाणा सोडून.
मूत्रपिंडं जातील. मूठभर पुरे.
मी शेडकडं बघितलं.
अकरा थरांच्या जाळ्या, खाली सांडलेला बेदाणा,
बायकांच्या पदरात, चपलेला चिकटलेला बेदाणा.
म्हणजे विषाच्या घरात वाढवायचा होता मला हा.

त्या दिवसापासून एकच धडा. नको.
पायाशी भाकरीचा तुकडा, नको.
नाकाशी अंड्याचा बलक, नको.
तळहातावर बेदाणा, आणि माझी मूठ मिटायला तयार.
हजारदा म्हणालो असेन.
म्हणजे न हजारांच्या कितीतरी पट.

एप्रिलात अण्णांचा नातू आला सांगलीहून, अर्हम.
सहा वर्षांचा. सगळ्यांना खाऊ वाटत फिरणारा.
मी वरच्या थरावर, तोंडात सुतळीची गाठ.
खाली बघितलं तर
पोराची ओंजळ हिरव्या बेदाण्यानं भरलेली
आणि तिच्यासमोर अठ्ठेचाळीस किलोचा जबडा उघडलेला.

सुतळी थुंकली.
न…
पुढं काही येईना.
न… न…
जीभ टाळूला खिळा मारल्यासारखी.

जबडा मिटला.
पहिल्या न लाच मिटला होता,
हे मला खाली उतरल्यावर हौसाक्कांनी सांगितलं.
मागं सरून तो बसला होता
आणि वर बघत होता,
उरलेला शब्द येईल तेव्हा येईल म्हणून.

को, मी म्हणालो. बऱ्याच वेळानं.
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

एक बेदाणा त्याच्या पंजाशी पडला होता.
उचलून मी तोंडात टाकला.
कचकच लागली मातीची.

संध्याकाळी अण्णांनी त्याला ठणठणीत आवाजात
बस म्हणून बघितलं. तीनदा.
ब्रुनो माझ्याकडं बघत राहिला,
हे गृहस्थ काय म्हणतायत, अशा भुवयांनी.
अण्णा जरा वेळ गप्प. मग हळूच,
बायकांना ऐकू जाणार नाही असं,
नेमकं कसं म्हणतोस रे तू?

आणि काट्याजवळ उभं राहून,
टोपी नीट करून, घसा खाकरून,
अण्णा अडखळायला शिकू लागले.
ब… म्हणाले. ब…
फार लवकर पुढं जात होते.
ब्रुनोनं जांभई दिली.