तिसरं पाऊल

योंगचुनला सकाळी सहाला
मास्तर लिन शुइमू सपाता काढतात,
एकावर एक, पालथ्या ठेवतात.
म्हणजे आता बोलायचं नाही.

तसंही कुठे बोलता येतं.
त्यांची मिन्नान मला कळत नाही,
माझ्या पुस्तकी चिनीचं त्यांना हसू येतं.
पासपोर्ट बघून पहिल्याच दिवशी त्यांनी गल्लीला सांगितलं,
यिन्दू.
म्हणजे भारत, एवढंच.
तेव्हापासून नूडल्सवाली, उदबत्तीच्या जुड्या
पंख्यासारख्या उघडून उन्हात मांडणारी शेजारीण,
स्कूटरवर मागे बसून शाळेला जाणारी पोरं,
सगळ्यांची मी इंदू.
मीही ओ देते.
चव्वेचाळीस वर्षं सुनेत्रा होते,
त्यानं काय मोठं झालं.

शिकायचं म्हणजे तीन पावलं.
पुढे. पुढे. पुढे.
मग वळायचं.
ह्याला तीन लढाया म्हणतात.
कुणाशी, असं विचारलं
तर मास्तर माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघतात.

म्हणे एका मुलीला हे एका पांढऱ्या पक्ष्यानं शिकवलं.
त्याला क्रौंच म्हणावं तर श्लोकात गेल्यासारखं वाटतं,
बगळा म्हणावं तर ढोंगी.
मी त्याला काहीच म्हणत नाही.
मास्तर माझ्या पाठीवर, खवाट्याच्या खाली,
एक बोट टेकवतात
आणि तिथून काहीतरी ओल्या पंखासारखं झटकलं जातं.
कधीतरीच. बहुतेक वेळा नुसतं बोट.

सात आठवडे झाले.
कोपऱ्यात लाल व्हिनेगरचे रांजण,
त्यांच्या झाकणांवर विटा.
गुडघा कटकट वाजतो, मी खोकल्यासारखं करते.

एका दुपारी वीज गेली.
मास्तरीणबाई, गुओ बियुन, बिस्किटाचा डबा घेऊन आल्या.
डब्यात फोटो.
रबराच्या गोदामापुढे एकतीस वर्षांचे मास्तर,
शर्ट दुसऱ्याचा असावा, बाह्या हातभर लांब.
नात यालिंग फोनवर भाषांतर करत होती,
बॅटरी नऊ टक्के.

मलेशिया, मुआर.
आजोबांचा भाऊ कधीकाळी बोटीनं गेला होता,
अंगात ही तीन पावलं घेऊन.
मागे गावात अशी वर्षं आली
की अंगणात असं उभं राहणं बरं नव्हतं.
येणाऱ्यांनी विसरल्याचं सोंग घेतलं
आणि सोंग घेता घेता
खरंच विसरले.

मग सत्त्याऐंशी साली हे निघाले,
आपल्याच गावाचं चालणं
समुद्रापलीकडून परत आणायला.
तिथे नावानं कुणी हाक मारली नाही.
सिनखे म्हणायचे.
नवा पाहुणा.
यालिंग हसली, म्हणाली, तुझ्यासारखं.

आणि ते तिसरं पाऊल?
ते मी कधीच विचारलं नव्हतं.
इथे सगळ्यांचंच तिसरं पाऊल जरासं ओढतं,
टाच जमिनीला घासून येते.
माझ्या आधी आलेला तो जर्मन
वहीत बाणांसकट काढून घेऊन गेला होता.

मास्तरीणबाईंनी फोटोतल्या म्हाताऱ्यावर नख ठेवलं.
रबराची गासडी पडली होती त्याच्या पायावर.
लंगडायचा.
ह्यांनी तेही आणलं.

मास्तर रांजणाच्या झाकणावरची वीट
उगाच इकडची तिकडे करत होते.
तेवढ्यात बॅटरी संपली.

काल सकाळी वळले
तर मागे शेजारणीचा सहा वर्षांचा पोरगा.
पुढे. पुढे.
तिसऱ्या पावलाला टाच घासली,
आणि मग गुडघ्यात एक हेलकावा,
आत, मग बाहेर.
तो मास्तरांचा नाही. मुआरचा नाही.
माझा.
कटकट नाही जमली, म्हणून तोंडानं केली.

मी मास्तरांकडे पाहिलं.
त्यांनी पोराकडे पाहिलं, बराच वेळ.
मग सपाता सरळ केल्या,
पायात घातल्या,
आणि नूडल्स आणायला गेले.