लँडमार्क

"दादा, जवळचा लँडमार्क सांगा ना."
पोराचा आवाज दमलेला, मागे हॉर्नांचा गोंधळ.
माझ्या जिभेवर येऊन थांबलं:
बारापात्रेची चक्की.

चक्की उठून एकोणीस वर्षं झाली.
तिथे आता मोबाइलच्या काचा बदलून देतात.

बारापात्रे पिठानं पांढरा, भुवयांपासून चपलेपर्यंत.
आणि मिलमधून सुटलेला माझा बाप
रुईनं पांढरा, कानातल्या केसांपर्यंत.
संध्याकाळी दोघं चक्कीच्या ओट्यावर
खर्रा घोटत बसले
की लांबून मला कळायचं नाही
हाक कोणाला मारू.
जो खोकला, तो आपला.

मुस्तकीमभाईंकडे सायकल भाड्यानं मिळायची.
दुकानात घड्याळ नव्हतं.
पहिल्या भोंग्याला न्यायची,
दुसऱ्या भोंग्याला आणून लावायची, रुपया द्यायचा.
एकदा संप झाला आणि दुसरा भोंगा वाजलाच नाही.
मी शुक्रवार तलावाला फेऱ्या मारल्या,
मोजणं सुटेपर्यंत,
पायडल दिसेनासं होईपर्यंत.
रडवेला परत आलो तर भाईंनी रुपयाच घेतला.
"भोंगा नहीं बजा," म्हणाले,
"तो टाइम कहाँ हुआ?"

मिल कायमची बंद झाली
त्या रात्री घरात कोणी बोलत नव्हतं.
मी आपला अंथरुणात हिशोब करत होतो:
आता सायकल कधीच परत द्यायला नको.

भिंतीपलीकडे दुकालूराम, रायपूरकडचा.
त्याची बायको बिसाहिन
रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवी,
सकाळी कांद्यासंग खाई, मलाही देई एक घास,
तिच्या बोटांना मिठाची चव होती.
समोर हेडाऊंकडे माग चालायचा दिवसभर.
खटखट थांबली की आई म्हणे,
"पाह्य, सुभद्राबाईचा चहा झाला."
दुकालूराम गेले तेव्हा
खाट आमच्याकडे ठेवून गेले, परत येऊन नेतो म्हणून.
हेडाऊंचा माग कोणी नेला, माहीत नाही.
एका दुपारी आईनं चहा ठेवलाच नाही,
एवढं आठवतं.

शाळा सुटली की डबा घेऊन मी गेटवर जायचो.
जाळीमागचा चौकीदार कधी नाव विचारत नसे.
"नंबर?"
"चार एक सात दोन."
डबा आत.
वांग्याचा रस्सा झाकणातून गळून
माझ्या चड्डीवर तेलाचा डाग असायचा,
एकाच जागी, चार वर्षं.

तो नंबर पितळी बिल्ल्यावर होता.
मिल गेल्यावर आईनं बिल्ला
गव्हाच्या डब्याच्या कडीला तारेनं बांधला,
चक्कीत डबे सारखेच दिसतात म्हणून.
बारापात्रे ओरडायचा,
"ए चार एक सात दोन! दळण झालं बे तुह्यं!"
बाप ओट्यावरच बसलेला असायचा.
उठायचा.
एकदम, ताठ.
मग मलाच खुणावून
पुन्हा खाली बसायचा.

"हॅलो? दादा? लोकेशन गोल गोल फिरून राह्यलं."
"मॉलच्या मागच्या गेटसमोर ये," मी म्हणतो,
"मोबाइलच्या काचांचं दुकान आहे बघ,
त्याच्या बाजूची गल्ली."
"हां, मग असं सांगा ना."

येतो. हेल्मेट, पाठीवर चौकोनी पेटी.
वयानं असेल वीसेक.
पार्सल काढतो, हातात धरतो, देत नाही.
"नंबर सांगा."

"चार एक सात दोन."

तो अंगठ्यानं दाबतो. थांबतो.
पुन्हा दाबतो.
"चुकीचा दाखवून राह्यला दादा.
मेसेज आला असन, पाहा ना एकदा."

मी चष्मा शोधायला आत वळतो.
मागे तो उंबऱ्याबाहेर उभा,
डबा त्याच्याच हातात,
अजून गरम.