तो तिथे आहे

एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र,
मधे वाळूची एक लांब जीभ.
गेत न्दारमधल्या तिच्या दारापासून मासळीच्या भट्ट्यांपर्यंत
चारशे पावलं आहेत
आणि याँदे म्बूपला ती चालायला पाऊण तास लागतो.

कारण इथे नुसता हात हलवून सटकणं
म्हणजे माणसाला खांब समजणं.
आधी आडनाव. म्बूप, म्बूप.
ग्ये, ग्ये.
दोनदा, तीनदा, दारावर टकटक करावी तसं,
आत झोपलेल्या पणज्यांनाही ऐकू जावं म्हणून.
मग, रात्र शांततेत गेली?
शांतताच.
कशी आहेस?
मी इथे आहे, एवढंच.
बरी नाही, वाईट नाही. इथे.

मग घरचे. घरचे कसे आहेत असं कुणी विचारत नाही,
विचारतात, कुठे आहेत. आना, म्हणजे कुठे.
आना सासूबाई? आना धाकटी? आना बिराम?
आणि उत्तर प्रत्येकाचं एकच, मागे वळून न बघता:
मु न्गा फा.
तो तिथे आहे.
म्हणजे चुलीशी, म्हणजे शाळेत, म्हणजे
लोळत असेल मेला अंथरुणात, पण आहे.

बिराम गेला त्या रात्री
होडीत एक्याण्णव जण, डिझेलची पिंपं, बिस्किटांचे खोके.
तिने त्याला डावा हात दिला.
लांबच्या वाटेला जाणाऱ्याला इथे मुद्दाम डावाच देतात.
चुकीचा हात, अपुरा निरोप;
डाव्याचं उजवं करायला
माणसाला परत यावंच लागतं.
तो हसला होता. हात तेलकट होता त्याचा.

पहिला महिनाभर सगळे विचारत, आना बिराम?
मु न्गा फा, ती म्हणे,
आणि हनुवटीने उत्तर दाखवी, स्पेनच्या बाजूची.
चौथ्या महिन्यात हनुवटी हलेनाशी झाली.
सातव्यात गल्ली शहाणी झाली.
सासूबाईंना विचारलं, धाकटीला विचारलं, शेळीलासुद्धा,
आणि त्याचं नाव यायचं त्या जागी
लोक घसा खाकरू लागले,
सुक्या मासळीचा भाव काढू लागले.
दयाच होती ती.
पडलेल्या दाताच्या खाचेत जीभ जावी
तशी याँदे रोज त्या जागेशी जाऊन थांबे.

कोळ्यांच्या कबरींवर इथे जाळी पांघरतात.
बिरामचं जाळं अजून खुंटीला आहे.
एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय.

आणि आज मागात,
होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा मागात,
सतरा हजार फ्रँकवरून तीन वर्षं ज्याच्याशी वाकडं,
जो तिला बघून रस्ता बदलतो,
तो गल्लीच्या तोंडाशी समोरच आला.
बदलायला रस्ताच नव्हता. इकडे भिंत, तिकडे बांधलेला मेंढा.
म्बूप, म्बूप, तो गुरगुरला.
गुरगुरला, पण म्हणाला सगळं.
भांडण आहे म्हणून काय झालं,
विचारपुशीत काटछाट करायची नसते.
रात्र. शांतता. सासूबाई. धाकटी.
आणि न थांबता, न खाकरता:
आना बिराम?

याँदेच्या डोक्यावरचं घमेलं जरासं कललं.
मासळीच्या पाण्याचा एक ओघळ
कानामागून मानेवर उतरला.
मेंढ्याने भिंत हुंगली.
मु न्गा फा, ती म्हणाली,
इतक्या मोठ्याने की गच्चीवर धुणं वाळत घालणारी
चिमटा तोंडात धरून थांबली.
हनुवटी कुठेच वळली नाही.
तो तिथे आहे.
अल्हमदुलिल्लाह, मागात म्हणाला, म्हणतात तसं.

मग तिची पाळी. तिनेही काही गाळलं नाही.
आना थोरली बायको, आना धाकटी बायको, आना गुडघा,
आना तुझा तो चाळीस अश्वशक्तीचा खटारा?
आहेत, तिथेच आहेत सगळे.

आणि आना, ती म्हणाली,
माझे सतरा हजार?