मेखांचा हिशेब

दोनशे सव्वीस.
आधी बाप मोजायचा, आता मी मोजतो.
पितळी मेखा, मंडपाच्या आणि अंगणाच्या,
त्यांतल्या चार वाकड्या.
सरळ करायच्या तर निखारा हवा,
आणि निखारा धरेपर्यंत तो थांबेल का,
कोण सांगणार.

तो म्हणजे ढग.

सीनायच्या या वाळूत आमच्या कुळाच्या वाट्याला
दिवे नाही आले, धूप नाही, सोन्याची भांडी नाहीत.
आम्हाला फळ्या, दोऱ्या, मेखा
आणि ओढायला चार गाड्या.
दोरी देवाची असली तरी
ताण द्यायला माणसाची टाच लागते,
असं तरुणपणी म्हणायचो मी,
चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

अतारा हसायची.
तिच्या ओढणीच्या गाठीत मिसरातलं बी होतं,
काकडीचं.
पहिल्याच मुक्कामी तिने तंबूमागे आळं केलं,
ओंजळीओंजळीने पाणी घातलं.
दोन पानं फुटली. ढग उठला.
पुढे कुठेसा वेल हातभर झाला. ढग उठला.
एकदा तर पिवळं फूल आलं,
ते बघायला तिने शेजारणी बोलावल्या,
तेवढ्यात पोरं ओरडत आली,
उठला, उठला!

मग मी हिशेब मांडला.
चामड्याच्या तुकड्यावर काजळीच्या रेघा.
एक रात्र. दोन दिवस. महिना. पुन्हा एक रात्र.
वाटलं, यात काही चाल सापडेल,
चंद्राशी, वाऱ्याशी, निदान आमच्या पापांशी जुळणारी.
तीन वर्षं रेघा ओढल्या.
चामडं शेळीने खाल्लं.

ज्या मुक्कामी अतारा म्हणाली,
"जाऊ दे, आता नाही पेरत,"
तिथे आम्ही चौदा महिने राहिलो.
पाणी होतं. माती काळी होती.
ढग जागचा हलेना.
संध्याकाळी ती दारात बसून त्याच्याकडे बघायची,
थट्टेखोर दिराकडे बघावं तसं.
बी होतं, तरी पेरलं नाही.
का, ते मी विचारलं नाही.

चौदाव्या महिन्यात तिला ताप भरला.
पाणी, सावली, सुइणीने दिलेला पाला,
नवस, आणि नवसासोबत थोडी धमकी.
तिसऱ्या पहाटे तिची मूठ सैल झाली.
खड्डा मीच खणला, दोरीने मापून,
काटकोनात. दुसरं काय येतं मला.

माती अजून ओली होती, आणि कर्णे वाजले.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
विंचवाला निदान वाट स्वतःची असते.

एक मेख मी तिच्या उशाशी ठोकली,
पार डोक्यापर्यंत.

नव्या जागी शब्तायने विचारलं, "भरल्या?"
"भरल्या."
पूर्वेच्या कोपऱ्याची दोरी
मी दगडाला बांधली होती.
रात्रभर वारा सुटला.
मी जागाच, टाच रोवून,
पडदा सुटला की धरायला.
फडफडला. पडला नाही.
धरून कोणी ठेवला, दगडाने की आणखी कोणी,
अंधारात दिसलं नाही.

उजाडता नात आली, ओढणीची गाठ घेऊन.
"आजोबा, हे पेरू? किती दिवस आहोत इथे?"

मी वर बघितलं.
तो तसाच, दुधट, गप्प.

"आळं जरा खोल कर," म्हटलं.